मार्बेयात पाच रात्री, सोबत सासूबाई आणि बारा वर्षांचा मुलगा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मे महिन्याच्या सुट्टीत माद्रिदहून स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मार्बेयाला यायचं आणि पाच रात्री राहायचं. तुम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि बाहत्तरीच्या सासूबाई. त्या शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. यादीत पुएर्तो बानूस, रोंदा, मिहास, एस्तेपोना, नेर्हा, ग्रानादा, जिब्राल्टर आणि जमलं तर टँजिअर. गाडी भाड्याने घ्यावी का, आणि इतक्या श्रीमंतांच्या गावात आपला निभाव लागेल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी मालागा प्रांतातच राहते आणि या किनाऱ्यावर येणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या सहली आखणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. तुमची यादी वाचल्यावर पैशांची काळजी मला फारशी वाटली नाही. काळजी वाटली ती नकाशाची. नेर्हा पूर्वेला सुमारे एकशे दहा किलोमीटर, जिब्राल्टर पश्चिमेला ऐंशीच्या घरात, रोंदा उत्तरेला डोंगरात, ग्रानादा त्याहून दुप्पट-तिप्पट लांब. मार्बेया मधोमध आहे, त्यामुळे सगळं जवळ वाटतं. पण इथला किनारा म्हणजे समुद्र आणि डोंगर यांच्यात दाबलेली एक अरुंद पट्टी आहे आणि सगळी वाहतूक त्या पट्टीतल्या दोन समांतर रस्त्यांवरून चालते. शिवाय मार्बेयाला रेल्वे नाही. मालागाहून येणारी लोकल विमानतळावरून, टोरेमोलिनोस आणि बेनाल्मादेनावरून फुएन्हिरोलापर्यंत येते आणि तिथेच संपते. म्हणजे आठ ठिकाणं पाच दिवसांत बसवली तर सासूबाईंना स्पेनमधलं मुख्यतः गाडीच्या काचेतून दिसणारं दृश्य लक्षात राहील.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. ग्रानादातला अल्हाम्ब्रा हा जुना मुस्लिम राजवाडा-किल्ला बघणं हे तुमच्या घरात कुणाचं जुनं स्वप्न असेल, तर माझा पुढचा आराखडा बाजूला ठेवा, मार्बेयाच्या दोन रात्री कापा आणि त्या ग्रानादाला द्या. मार्बेयाहून ग्रानादा एका दिवसात करून परत येणं म्हणजे जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरहून जास्त, आणि अल्हाम्ब्रातल्या नासरिद राजवाड्यांना ठरलेल्या वेळेचंच तिकीट असतं. ती वेळ चुकली की प्रवेश नाही. तिकिटं आधीच संपतात, पासपोर्टवरच्या नावाने निघतात. ज्येष्ठांना घेऊन एवढी धावपळ मी कुणालाच सुचवत नाही. दुसरं, मुलाला समुद्रात डुंबायचंच असेल तर त्याला आत्ताच सांगून ठेवा की मे महिन्यात इथलं पाणी थंडगार असतं, सतरा-अठरा अंशांच्या आसपास. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचं पाणी थेट या भागात शिरतं, म्हणून भूमध्य समुद्राच्या इतर किनाऱ्यांपेक्षा हा भाग गार राहतो. मुलं तरी उतरतातच. मोठी माणसं घोट्यापर्यंत जाऊन परत येतात. जलतरण तलाव असलेलं राहण्याचं ठिकाण मिळालं तर उत्तम.

मग मार्बेया बघायचं कशासाठी? इथे बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण नावाभोवती जे वलय आहे ते एका ठिकाणी उभं राहून बघता येत नाही. मार्बेयात खरं तर दोन गावं एकमेकांना चिकटली आहेत. एक जुनं अंदालुसियन, म्हणजे दक्षिण स्पेनच्या या प्रदेशातलं, गाव, आणि दुसरं 1950 नंतर त्याच्या पश्चिमेला वाढत गेलेलं पैशांचं गाव. आल्फोन्सो फॉन होहेनलोहे नावाच्या एका राजघराण्यातल्या गृहस्थाने 1954 मध्ये इथे घराच्या आवारात मार्बेया क्लब हे हॉटेल सुरू केलं. युरोपातले उमराव आणि हॉलिवूडचे नट-नट्या त्याच्या ओळखीने येऊ लागले. त्याआधी हे मासेमारीचं, शेतीचं आणि लोखंडाच्या खाणीचं गाव होतं. एकोणिसाव्या शतकात तर रिओ व्हेर्दे नदीकाठी लोखंड वितळवण्याच्या भट्ट्या धडधडत होत्या आणि त्या वेळी स्पेनच्या लोखंड उद्योगात हा भाग आघाडीवर होता. आजही पूर्वेकडच्या एल काब्ले समुद्रकिनाऱ्यासमोर पाण्यात एक जुना मनोरा उभा दिसतो. डोंगरातलं खनिज तारेवरून इथे आणून जहाजांत भरत, त्याचा हा उरलेला भाग. सेल्फी काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते माहीत असतं.

नंतरचा इतिहासही गंमतशीर आहे, म्हणजे आपल्याकडच्या पालिकांच्या बातम्या वाचणाऱ्यांना तो अजिबात परका वाटणार नाही. 1991 ते 2002 या काळात खेसूस खिल नावाचे बांधकाम व्यावसायिक महापौर होते. माद्रिदच्या एका मोठ्या फुटबॉल क्लबचे अध्यक्षही तेच. त्यांच्या आणि त्यानंतरच्या काळात नियम धाब्यावर बसवून इमारती उठल्या, आणि 2006 मध्ये भ्रष्टाचाराच्या प्रकरणात केंद्र सरकारने इथली आख्खी नगरपालिकाच बरखास्त केली. लोकशाही आल्यानंतर स्पेनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. समुद्राकाठच्या उंच, एकमेकींशी मेळ नसलेल्या इमारती बघून "एवढं नाव असलेलं गाव असं कसं?" असा प्रश्न पडेल, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता जुनं गाव. माझ्या मते पाच दिवसांतली सगळ्यात चांगली सकाळ याला द्या, आणि सकाळ म्हणजे खरोखर सकाळ, साडेआठ-नऊ. दुकानं उघडायच्या आधी गल्ल्या धुतलेल्या असतात, खिडक्यांतल्या कुंड्यांना पाणी घालणं चालू असतं आणि प्लासा दे लोस नारानहोस, म्हणजे संत्र्याच्या झाडांचा चौक, मोकळा मिळतो. 1485 मध्ये कॅथलिक राजांनी हे गाव मुस्लिम सत्तेकडून घेतल्यावर दाटीवाटीच्या गल्ल्यांत जागा करून हा चौक आखला गेला. नगरपालिकेची इमारत 1568 ची आहे. चौकाच्या कोपऱ्यात सान्तियागोचं छोटंसं देऊळवजा चर्च आहे, चौकाशी थोडं तिरकं उभं. चौकात कॉफी प्या, जेवू मात्र नका. जागेचे पैसे ताटात मोजावे लागतात आणि चव दोन गल्ल्या सोडून चांगली मिळते. तिथून एन्कार्नासिओन चर्चकडे जा आणि मागच्या बाजूला अरबी किल्ल्याची भिंत नीट बघा. भिंतीत मधेच रोमन खांबांचे कोरीव माथे बसवलेले दिसतात. हाताशी होता तो दगड लावला, एवढाच त्यामागचा विचार असावा. मुलाला ते शोधायला सांगा, अर्धा तास मजेत जाईल.

सासूबाईंसाठी हे गाव सोसण्यासारखं आहे. चढ हलका आहे, फरशी मात्र गोट्यांची, म्हणून सपाट, जाड तळव्याचे बूट हवेत. चपला घालून येणारी ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी पाय चोळत बसलेली मी नेहमी बघते. जुन्या गावातून खाली उतरलं की आलामेदा बाग लागते, रंगीत फरशांच्या बाकांची, भरपूर सावलीची. बागेपासून समुद्रापर्यंतच्या रुंद पादचारी रस्त्यावर साल्वादोर दालीची ब्राँझ शिल्पं उघड्यावर उभी आहेत, फुकट. त्याच्या पुढे लगेच किनारा.

किनाऱ्याबद्दल एक गैरसमज दूर करते, कारण तुमच्या पैशांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. स्पेनमध्ये 1988 च्या किनारा कायद्यानुसार समुद्रकिनारा ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मोठ्या हॉटेलासमोरची वाळूही कुणाच्या बापाची नाही. पैसे लागतात ते खाटा-छत्र्यांचे, आणि बीच क्लबमध्ये बसायचं असेल तर किमान खर्चाची अट असते. स्वतःची चटई पसरून बसलात तर कुणी उठवणार नाही. वाळू करडी-तपकिरी असते, गोव्यासारखा रुंद पट्टा नसतो. पूर्वेकडे काबोपीनोजवळ आर्तोलाच्या वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांच्यावरून लाकडी पायवाट जाते, जवळच एक जुना टेहळणी बुरूज आहे. जागा सुंदर आहे. पण त्या किनाऱ्याचा एक भाग विवस्त्र स्नानासाठीचा आहे, हे सासूबाईंना घेऊन निघण्याआधी माहीत असलेलं बरं. इतर किनाऱ्यांवरही काही बायका वर काही न घालता ऊन घेतात, तिकडे कुणी वळून बघत नाही.

राहण्याची जागा. खर्चाचा सगळा खेळ इथे आहे. जाहिरातीत "मार्बेया" लिहिलेलं असतं आणि घर निघतं जुन्या गावापासून दहा-बारा किलोमीटरवर, महामार्गापलीकडच्या टेकडीवर, जिथे पावासाठीसुद्धा गाडी काढावी लागते. नुएवा अंदालुसिया, एल्व्हिरिया, कालाओन्दा ही नावं दिसली की नकाशा उघडा. (कालाओन्दा तर मिहासच्या हद्दीत आहे!) भाडं कमी दिसतं, पण टॅक्सीत ते भरून निघतं. तुमच्यासाठी मी आलामेदा बागेपासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आतलं, लिफ्ट असलेलं, स्वयंपाकघर असलेलं घर बघेन. बागेच्या पूर्वेकडचा, ला बाखादिया या मासेमारी बंदराच्या दिशेचा भाग दरांच्या मानाने चांगला पडतो. लिफ्ट आहे का, हे लेखी विचारा. जुन्या गावातली देखणी घरं बहुतेकदा तीन मजली असतात आणि जिना उभा असतो. जाहिरातीत पर्यटन नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहून घ्या.

पुएर्तो बानूसला एक संध्याकाळ द्या, दिवस देऊ नका. खोसे बानूस या बिल्डरने 1970 मध्ये हे बंदर खुलं केलं, उद्घाटनाला मोनॅकोचं राजदांपत्य आलं होतं आणि तेव्हा फारसं नाव न झालेला गायक हुलिओ इग्लेसियास तिथे गायला होता. आज तिथे बघायचं ते इतकंच: एका बाजूला नौका, दुसऱ्या बाजूला महागड्या दुकानांची रांग आणि मधून मुंगीच्या पावलाने जाणाऱ्या गाड्या. तुमच्या मुलाला ते दीड तास पुरेल आणि मनापासून आवडेल. मे महिन्यात सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा सात वाजता निघालात तरी भरपूर उजेड असतो. जाताना बसने जा. येताना तुम्ही आणि मुलगा समुद्राकाठच्या पायवाटेने चालत या, सहा-सात किलोमीटर आहे, पूर्ण सपाट. सोन्याचा मैल म्हणतात तो हाच पट्टा, आणि श्रीमंतांची घरं, हॉटेलांच्या बागा, सगळं या पायवाटेवरून फुकटात दिसतं. सासूबाई आणि तुमचे यजमान टॅक्सीने परत येऊ देत. काठावरच्या पहिल्या रांगेत जेवायचा मोह टाळा.

गाडीबद्दल. तुमच्या यजमानांनी भारताबाहेर कधी चालवली नाही असं तुम्ही लिहिलंय. इथे उजव्या बाजूने चालवतात, आणि स्वयंचलित गिअरची गाडी मागूनच घ्यावी लागते, नाहीतर साधी गिअरची मिळते, तीही उजव्या हाताने गिअर बदलायची. त्यात ए-7 हा किनाऱ्याचा जुना रस्ता. त्याचे महामार्गात शिरण्याचे जोडरस्ते इतके आखूड आहेत की काही ठिकाणी थांबून, मान वळवून, जागा सापडली की उडी घेतल्यासारखं घुसावं लागतं. इथे राहणारेसुद्धा कुरकुरतात. समांतर एपी-7 टोलचा आहे, उन्हाळ्यात आणि ईस्टरच्या आठवड्यात टोल वाढतो, पण नवख्याने तोच घ्यावा. माझा सल्ला असा: पाचही दिवस गाडी नको. गावात ती नुसती वाहनतळाचे पैसे खाते. मधले दोन दिवस गावातूनच घ्या, विमानतळावरून नको. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ परवाना, दोन्ही सोबत हवेत. मुलाची उंची 135 सेंटीमीटरच्या आत असेल तर कायद्याने त्याच्यासाठी बसण्याची उंच गादी लागते, ती बुकिंगच्या वेळीच मागा. आणि यजमानांचा आत्मविश्वास डळमळीत असेल, तर एका दिवसासाठी चालक असलेली गाडी आणि बाकी बस, हेही चांगलं जमतं.

त्या दोन दिवसांतला एक रोंदाचा. मार्बेयाच्या पश्चिमेच्या सान पेद्रोहून वर जाणारा ए-397 हा सुमारे पन्नास किलोमीटरचा घाट आहे, एका तासाचा, आणि वाटेत चहाला थांबावं असं गाव जवळजवळ नाही. वळणं अखंड आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, निघताना पोटभर खाऊ घालू नका. आपल्या घाटांची सवय असलेली माणसंही इथे गप्प होतात. सकाळी नवाच्या आत निघा, म्हणजे मालागा आणि सेविलहून येणाऱ्या मोठ्या बसगाड्यांआधी तुम्ही पुलावर असाल.

रोंदा साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि गाव मधोमध चिरल्यासारखं दोन कड्यांवर वसलंय, खाली ग्वादालेविन नदी. कडे जोडणारा "नवा पूल" 1793 मध्ये पूर्ण झाला, अठ्ठ्याण्णव मीटर उंच. नवा म्हणण्याचं कारण आधीच्या पुलात आहे. तो 1730 च्या दशकात घाईने बांधला आणि काही वर्षांतच कोसळला, पन्नासेक माणसं गेली. मग दुसऱ्या वेळी चाळीसहून अधिक वर्षं घेऊन हा बांधला. मधल्या कमानीच्या वर पुलाच्या पोटात एक खोली आहे, कधीकाळी तुरुंग म्हणून वापरलेली. मुलाला ती दाखवा. गुडघ्यांच्या दृष्टीने रोंदा दिसतं तितकं अवघड नाही: आलामेदा देल ताहो ही कड्यावरची बाग, तिथून पुलापर्यंतची वाट आणि पूल, सगळं सपाट आहे. अवघड आहे ते दरीत उतरणं आणि अरबी स्नानगृहांकडे जाणारा उतार. तिकडे तुम्ही आणि मुलगा जाऊन या, सासूबाईंना बागेतल्या बाकावर बसू द्या, त्यांना कड्याखालची शेतं आणि घिरट्या घालणारे पक्षी तासभर पुरतात. बैलझुंजीचं 1785 चं मैदान रोंदाचा अभिमान आहे. वास्तू म्हणून ती देखणी आहे, पण तुम्हाला तो विषयच नको असेल तर बाहेरून बघून पुढे जा, कुणी विचारत नाही.

दुसरा गाडीचा दिवस पश्चिमेला, एस्तेपोना आणि कासारेस. एस्तेपोना मला मार्बेयापेक्षा राहायला जास्त आवडतं, हे कबूल करते. तीसेक किलोमीटरवर आहे, जुन्या गावातल्या गल्ल्या पालिकेने एकेक करून पादचाऱ्यांना दिल्या, प्रत्येक गल्लीच्या कुंड्यांना वेगळा रंग दिला. इमारतींच्या उघड्या भिंतींवर मोठी चित्रं आहेत, समुद्राकाठ सलग सपाट. 2015 मध्ये उघडलेलं ऑर्किडघर काचेच्या घुमटांखाली आहे, आत धबधबाही आहे. सासूबाईंना बागकामाची आवड आहे असं तुम्ही लिहिलंय, तर हाच त्यांचा दिवस समजा. दुपारी तिथून पुढे कासारेस. डोंगराच्या टोकावर पांढरी घरं एकमेकांवर रचल्यासारखी, वर किल्ल्याचे अवशेष. गावात शिरण्याआधी रस्त्यावर थांबायला जागा आहे, तिथूनच खरं दृश्य दिसतं. आत चढ जबर आहेत. अंदालुसियाच्या स्वायत्ततेची चळवळ ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते ब्लास इन्फान्ते 1885 मध्ये याच गावात जन्मले. यादवी युद्ध सुरू झाल्यावर 1936 मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या.

मिहास यादीतून काढा असं म्हणत नाही, पण कासारेस बघितल्यावर त्याची गरज उरत नाही. मिहासला बस सोयीची आहे, फुएन्हिरोलाहून वर जाते, दृश्यही छान आहे. मात्र तिथे गर्दी आणि भेटवस्तूंची दुकानं जास्त, आणि गाढवांच्या टॅक्सीवर मी तरी कुणाला बसवत नाही. पांढऱ्या गावांचं असं आहे की दोन मनात राहतात, चौथ्यापासून सगळी एक होतात. त्यापेक्षा गाडी हाताशी असलेल्या एका संध्याकाळी मार्बेयाच्या मागे आठ-दहा किलोमीटरवरच्या ओहेनला जा. छोटं, कारंज्याचा चौक असलेलं, संध्याकाळी गावातली म्हातारी माणसं बाकांवर येऊन बसणारं गाव. आणखी वर हुआनारच्या विश्रामगृहापासून पाइन आणि ऑलिव्हच्या झाडांतून एक सोपी वाट जाते, तिच्या टोकाला खाली आख्खी मार्बेया आणि स्वच्छ हवा असली तर पलीकडे आफ्रिकेचा किनारा दिसतो. मार्बेयाच्या मागचा सिएर्रा ब्लांका डोंगर उत्तरेचे गार वारे अडवतो, म्हणून खाली हिवाळासुद्धा सौम्य असतो. ते तिथे उभं राहिल्यावर लगेच कळतं.

म्हणजे दिवस असे पडतील: पहिल्या दिवशी दुपारी पोहोचून फक्त बाग आणि समुद्रकाठ. दुसऱ्या सकाळी जुनं गाव, संध्याकाळी बानूस. तिसरा दिवस रोंदाचा. चौथा एस्तेपोना-कासारेस, दम असेल तर संध्याकाळी ओहेन. पाचव्या सकाळी गाडी परत करून मालागा, आणि पाचवी रात्र मालागातच. हा बदल मी जवळजवळ सगळ्यांना सुचवते. माद्रिदहून वेगवान रेल्वे अडीच-तीन तासांत मालागाला आणते, आणि तिथलं बसस्थानक रेल्वे स्थानकाला अगदी लागून आहे, बॅगा ओढत फार जावं लागत नाही. मार्बेयाचं बसस्थानक मात्र गावाच्या वरच्या अंगाला आहे, तिथून घरापर्यंत टॅक्सीच करा. परतीचं विमान किंवा रेल्वे मालागाहूनच असेल, तर शेवटच्या सकाळची धावपळही वाचते. मालागात पिकासोचं संग्रहालय आहे (त्याचा जन्म 1881 चा, याच शहरातला), एकच मनोरा पूर्ण झाल्यामुळे "थोटी" म्हणून ओळखलं जाणारं कॅथेड्रल आहे आणि आल्कासाबाचा अरबी किल्ला आहे. किल्ल्याला पालिकेच्या इमारतीमागच्या रस्त्यावरून लिफ्ट आहे, ती बंद नाही ना याची चौकशी करून मगच सासूबाईंना घेऊन जा. नेर्हाच्या गुहा खरोखर भव्य आहेत, पण आत पायऱ्या पुष्कळ. या वेळी सोडा. वाटेत बेनाल्मादेनाला 2003 मध्ये उघडलेला तेहतीस मीटर उंचीचा बौद्ध स्तूप आहे, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या स्तूपांपैकी एक. माझ्याकडे येणारी काही मराठी कुटुंबं तिथे आवर्जून जातात. मार्बेया ते मालागा टॅक्सीने जाणार असाल तर थांबता येईल.

जेवणाचं नीट सांगते, कारण शाकाहारी ज्येष्ठ सोबत असले की सहलीचा मूड त्यावरच ठरतो. सगळ्यात मोठा सापळा "व्हेखेताल" नावाच्या सँडविचचा. नाव भाजीचं, आत बहुतेकदा ट्यूना आणि अंडं. मिश्र सॅलडवरही ट्यूना असतो. साल्मोरेहो या थंड, घट्ट टोमॅटो सुपावर हॅमचे तुकडे आणि अंडं भुरभुरतात. भाजीत हॅम टाकणं इथे मांसाहार समजला जात नाही, मीठ टाकल्यासारखं ते टाकतात. म्हणून "सोय वेखेतारियाना" (मी शाकाहारी आहे) एवढं म्हणून थांबू नका, "सिन हामोन, सिन आतून" (हॅम नको, ट्यूना नको) म्हणा, आणि अंडं चालत नसेल तर "सिन उएव्हो" जोडा. आता चांगली बाजू: तळलेल्या वांग्याच्या कापांवर इथे उसाची काकवी ओततात. सासूबाईंना ते परकं वाटणारच नाही. बदाम, पाव आणि लसणाचं थंडगार आहोब्लांको, साधं गास्पाचो (टोमॅटोचं थंड सूप), टोमॅटो चोळलेला पाव, तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, सकाळी चुरो (तळलेल्या पिठाच्या कांड्या), हे सगळं हमखास मिळतं. मे महिन्यात बाजारात लोकाट ही फळं भरपूर येतात. सुपरमार्केटमध्ये शिजवलेले हरभरे, मसूर बरण्यांत मिळतात, दही उत्तम असतं. तुमच्यापैकी जे मासे खातात त्यांनी किनाऱ्यावरच्या टपरीवजा हॉटेलात एस्पेतो जरूर खावा: बोरूच्या काडीत ओवलेले तार्ले, वाळू भरलेल्या जुन्या होडीत लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजलेले. मे ते ऑगस्ट ते सगळ्यात चवदार असतात.

वेळा पाळाव्या लागतील. स्वयंपाकघरं साधारण चारला बंद होतात आणि आठ-साडेआठच्या आधी उघडत नाहीत. संध्याकाळी साडेसातला जेवायची सवय असलेल्यांचे इथे हाल होतात. मी सांगते ते असं: मुख्य जेवण दुपारी दोनला बाहेर, दिवसाचा ठरलेला मेनू घेतला की स्वस्तही पडतं. रात्री घरी मुगाची खिचडी. म्हणूनच स्वयंपाकघराचा आग्रह. छोट्या गावांत दुपारी दोन ते पाच दुकानंही बंद असतात. दिवसा पंचविशीच्या आतबाहेर तापमान आणि रात्री पंधरा, तेव्हा शाल-स्वेटर हवाच.

राहिले जिब्राल्टर आणि टँजिअर. तुमचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर टँजिअर विसरा. मोरोक्को शेंगेनबाहेर आहे: टँजिअरला गेलात की तो प्रवेश संपला, आणि परत स्पेनमध्ये शिरायला दुसरा हवा. शिवाय भारतीय पासपोर्टला मोरोक्कोची स्वतंत्र परवानगी लागते. जिब्राल्टर ब्रिटिश प्रदेश आहे. ब्रिटन आणि युरोपीय संघातल्या नव्या करारामुळे तिथले सीमेचे नियम बदलत आहेत, म्हणून कुणाच्या जुन्या अनुभवावर न जाता तिकिटं काढण्याच्या आठवड्यात जिब्राल्टर सरकारच्या संकेतस्थळावर भारतीय पासपोर्टसाठी काय लिहिलंय ते वाचा. व्हिसाचा अर्ज मुंबईतल्या स्पॅनिश वकिलातीसाठी अर्ज घेणाऱ्या बीएलएस कंपनीच्या केंद्रात द्याल, तेव्हा त्यात मार्बेयाच्या चार आणि मालागाच्या एका रात्रीचं आरक्षण वेगवेगळं जोडा आणि सासूबाईंच्या प्रवास विम्यात गुडघ्यांचं जुनं दुखणं नोंदवलंय ना, ते एकदा बघून घ्या. यजमान गाडी चालवणार की चालक घ्यायचा, एवढं ठरलं की इथेच लिहा. रोंदाच्या दिवसाच्या वेळा मी त्याप्रमाणे बसवून देईन.